पोशाख चढवल्यानंतरची गोष्ट

मालेगावच्या सुपरमॅनचा वैरी परग्रहावरून आलेला नाही. तो गावात तंबाखू आणि घाण पसरवतो, आणि त्याच्याशी लढायला उभा राहतो यंत्रमागावर काम करणारा एक काडीसारखा तरुण, शफीक शेख. निळा अंगरखा, लाल झगा आणि पुढे लोंबणारी चड्डीची नाडी. नासिर शेख यांनी हा चित्रपट मित्रांना हाताशी धरून केला. त्याआधी २००० साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला होता. ट्रॉलीच्या जागी सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी आणि सुपरमॅनला उडवायला हिरवं कापड, असा सगळा मामला. फैजा अहमद खान यांनी त्या धडपडीवर २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. तो बराच फिरला आणि २०१२ मध्ये आपल्याकडच्या सिनेमागृहांतही लागला.

खानदेशात मोबाइलवर चित्रपट करणाऱ्या मुलांना हे सगळं तोंडपाठ असतं. दीपनगरला वीज केंद्राच्या कॉलनीत, फेकरीत, वरणगावात अशी मुलं मला भेटतात. त्यांच्याकडे कल्पना असतात आणि आता कॅमेराही बरा असतो. पण सुपरहिरोची गोष्ट लिहायला घेतली की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी थांबते. मुलाला शक्ती मिळते, तो पोशाख चढवतो, चार गुंडांना लोळवतो, आणि पुढे काय ते सुचत नाही. मग आणखी चार गुंड येतात. अडचण कल्पनाशक्तीची नसते. गोष्टीचे अंक कुठे पडतात याचा विचार झालेला नसतो, एवढंच.

अंक म्हटलं की आपल्याला पडदा पडणं आठवतं. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ पहिल्यांदा रंगमंचावर आणलं, तेव्हा सातांपैकी चारच अंक केले होते. तरी प्रेक्षक तृप्त होऊन गेले. कारण चौथ्या अंकापर्यंत दुर्वासांचा शाप लागलेला असतो, शकुंतला आश्रम सोडून निघालेली असते. तिथून ती पूर्वीची आश्रमकन्या म्हणून परत येऊ शकत नाही. अंकाची खरी खूण ही आहे. ज्या क्षणानंतर पात्राला आधीच्या आयुष्यात परतता येत नाही, तिथे अंक संपतो. पडदा पडो न पडो.

चित्रपटात पडदा पडत नाही, म्हणून ही जागा ओळखायला शिकावं लागतं. अमेरिकेत सिड फील्ड यांनी १९७९ साली ‘स्क्रीनप्ले’ हे पुस्तक लिहिलं आणि एक हिशेब मांडला. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. १२० पानांची पटकथा धरली तर पहिला अंक ३० पानांचा, दुसरा ६० आणि तिसरा पुन्हा ३०. पहिल्या आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटाजवळ एकेक असा प्रसंग हवा, जो गोष्टीला वेगळ्याच दिशेला वळवतो. हा हिशेब उपयोगी आहे, पण लोक त्यातला आकडाच धरून बसतात. पंचविसाव्या पानावर स्फोट घडवला म्हणून अंक संपत नाही. स्फोटानंतर नायकाने काही ठरवलं आणि त्या ठरवण्याने त्याची परतीची वाट बंद झाली, तर संपतो.

आपल्याकडे भरतमुनींनी नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी, म्हणजे सांधे, सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. मुखात बीज पेरलं जातं. प्रतिमुखात ते दिसतं आणि पुन्हा झाकलं जातं. गर्भात फळ हाती येईल असं वाटतं, निसटतं, पुन्हा त्याचा शोध सुरू होतो. विमर्शात क्रोध, मोह, शाप असं काही आडवं येतं. निर्वहणात सगळे धागे एकत्र येतात. फील्ड यांच्या तीन अंकांपेक्षा ही मांडणी मला सुपरहिरोपटाला जास्त जवळची वाटते. तीन अंकांत मधला भाग नुसता साठ पानांचा माळ म्हणून पुढ्यात येतो आणि लिहिणारा तिथेच थकतो. भरतमुनींनी त्या माळावर खुणेचे दगड रोवून ठेवले आहेत.

आता १९७८चा ‘सुपरमॅन’ घ्या, रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेला. क्रिस्टोफर रीव्ह पोशाखात दिसायला पाऊण तास लागतो. तोवर क्रिप्टॉन ग्रह नष्ट होतो, बाळ पृथ्वीवर येतं, शेतकऱ्याच्या घरी वाढतं. या पाऊण तासात दोन बिया पेरल्या जातात. एक म्हणजे जन्मदात्या जोर-एलची आज्ञा, की मानवाच्या इतिहासात ढवळाढवळ करायची नाही. दुसरी म्हणजे पाळणाऱ्या वडिलांचा मृत्यू. ते हृदयविकाराने कोसळतात आणि एवढी ताकद अंगात असून मुलाला त्यांना वाचवता येत नाही. शेवटाकडे या दोन्ही बिया एकदम उगवतात. दोन क्षेपणास्त्रं दोन दिशांना सुटलेली आहेत. दिलेल्या शब्दाखातर तो आधी न्यू जर्सीकडचं अडवतो, आणि कॅलिफोर्नियातल्या भूकंपात त्याची लाडकी लोइस गाडली जाते. एका वडिलांची आज्ञा पाळायची की दुसऱ्या वडिलांच्या वेळची असहायता पुन्हा सोसायची? तो आज्ञा मोडतो आणि काळ मागे फिरवतो. पृथ्वी उलटी फिरवण्याच्या विज्ञानावर लोक आजही वाद घालतात. प्रेक्षक म्हणून आपण ते मान्य करतो, कारण तो निर्णय पहिल्या अंकातच पेरलेला असतो.

म्हणजे पहिल्या अंकाचं काम शक्ती दाखवणं हे नाही. शक्तीने जे होणार नाही ते दाखवायचं. ‘मिस्टर इंडिया’त (१९८७) सलीम-जावेद यांनी अरुणला अदृश्य होण्याचं यंत्र दिलं, आणि लाल उजेडात तो दिसतो ही अटही त्याबरोबर दिली. ते यंत्र अनाथ मुलांनी भरलेल्या घराला वाचवायला होतं. तरीही बॉम्बस्फोटात छोटी टीना जाते. तिच्या जाण्यानंतर अरुणची लढाई घरभाड्याची आणि रेशनची राहत नाही. अंक बदलतो तो तिथे.

पोशाख पहिल्या अंकातच चढवावा असंही नाही. ‘क्रिश’मध्ये (२००६) चित्रपट निम्मा सरत आल्यावर सिंगापूरच्या सर्कशीला आग लागते आणि तेव्हा कुठे कृष्णा तोंडावर मुखवटा चढवतो. आपल्याकडे मध्यंतर असतं, त्यामुळे आपल्या पटकथाकाराला पाश्चात्त्य पटकथाकारापेक्षा एक जागा जास्त मिळते. प्रेक्षक उठून बाहेर जाणार, चहा घेणार आणि बोलणार. ते काय बोलतील हे आधीच ठरवून मध्यंतराचा प्रसंग लिहिता येतो.

इथे मी दीपनगरच्या मुलांना त्यांच्याच घरातलं उदाहरण देतो. त्यातल्या अनेकांचे वडील पॉवर हाऊसला शिफ्टमध्ये जातात. बॉयलरमधून सुमारे ५४० अंश सेल्सिअसची वाफ टर्बाइनच्या उच्चदाब भागात जाते. तिथली पाती फिरवून ती थंडावते, तिचा दाब उतरतो. मग तिला सरळ पुढे पाठवत नाहीत. परत बॉयलरमध्ये आणून पुन्हा तितकीच तापवतात आणि नंतर मध्यम व कमी दाबाच्या भागांत सोडतात. या खेपेला तिचा दाब कमी असतो, पण पसारा मोठा, म्हणून पातीही मोठी लागतात. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर गोष्टीचं हेच करायचं असतं. पहिल्या उत्साहाची वाफ तिथे उतरलेली असते. तिला पुन्हा विस्तवातून काढलं नाही तर उरलेला तास नुसता फिरत राहतो. आणि एकदा काढलं की गोष्ट नायकापुरती राहत नाही, तिच्या पसाऱ्यात गाव येतं.

‘द डार्क नाइट’मध्ये (२००८) हे अगदी स्वच्छ दिसतं. मध्याच्या सुमारास जोकर पकडला जातो. लढाई जिंकली असं वाटावं, तेवढ्यात कळतं की पकडलं जाणं हाच त्याचा डाव होता. रेचेल मरते, हार्वी डेंटचा अर्धा चेहरा जळतो. तोवर प्रश्न एका गुन्हेगाराला पकडण्याचा होता, तो आता शहराने कशावर विश्वास ठेवायचा इथवर येतो. ‘स्पायडर-मॅन २’मध्ये (२००४) पीटर मध्यावर पोशाखच कचऱ्यात टाकतो. ‘भावेश जोशी सुपरहिरो’मध्ये (२०१८) विक्रमादित्य मोटवाने याहून पुढे गेले. मुंबईतल्या पाण्याच्या चोरीमागे लागलेला भावेश मारला जातो आणि इतका वेळ काठावर उभा राहिलेला त्याचा मित्र सिकू मुखवटा हातात घेतो. तो चित्रपट तिकीटखिडकीवर चालला नाही. तरी मधल्या वळणासाठी तो पाहावाच, असं मी सगळ्यांना सांगतो.

सुपरहिरोच्या पटकथेत एक दोष मुळातच असतो. बेत आखतो तो खलनायक, आणि नायक त्याच्यामागे धावतो. बँक लुटली की हा येणार, इमारत कोसळली की हा येणार. दुसऱ्याच्या कामाला उत्तर देत राहणाऱ्या माणसाचे अंक कसे पाडायचे? दोन मार्ग मला दिसतात. पहिला, खलनायकालाच गोष्टीचा कर्ता करायचा. ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’मध्ये (२०१८) थॅनोस एकेक रत्न मिळवत जातो, किंमत म्हणून स्वतःची मुलगी देतो, आणि शेवटी त्याचाच बेत तडीस जातो. तिथे अंक त्याचे पडतात, नायकांचे नाहीत. दुसरा मार्ग बेसिल जोसेफ यांच्या ‘मिन्नल मुरली’चा (२०२१). एकाच रात्री वीज दोघांवर पडते, शिंपी जेसनवर आणि गावाने हिणवलेल्या शिबूवर. दोघांना सारखीच शक्ती मिळते. दोघांचे अंक शेजारी शेजारी चालतात आणि कोण नायक, कोण खलनायक हे गाव त्यांच्याशी कसं वागलं त्यावर ठरत जातं. छोट्या गावात चित्रपट करू पाहणाऱ्याने हा सिनेमा कागद-पेन घेऊन पाहावा. शिबूचा प्रत्येक निर्णय टिपला तर त्याची गोष्ट एकटीनेही उभी राहते.

मालेगावची खरी ताकद मला इथे दिसते. नासिर शेख यांनी सुपरमॅन उसना आणला, पण वैरी उसना आणला नाही. तंबाखू, गटारं, घाण हे सगळं तिथलंच. विनोदासाठी केलेली ती निवड पटकथेच्या दृष्टीने पक्की होती, कारण गावातल्याच दुखण्यातून आलेला शत्रू एका ठोशाने संपत नाही. नायकाला अवघड निवड करावीच लागते, आणि अवघड निवडीशिवाय अंक पडत नाही.

याच माणसांवर रीमा कागती यांनी ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ केला. वरुण ग्रोवर यांनी लिहिलेला हा चित्रपट २०२५च्या फेब्रुवारीत सिनेमागृहांत आला. अंकरचना कशी बसवतात हे शिकायला मला यापेक्षा चांगली जोडी ठाऊक नाही: आधी माहितीपट पाहायचा, मग हा. माहितीपटातला शफीक काम सांभाळून चित्रीकरणाला येतो, मध्येच त्याचं लग्न होतं. तोंडाचा कर्करोग त्याला नंतर झाला. त्याचा चित्रपट तंबाखूविरुद्ध होता, आणि माहितीपट आपल्याकडच्या सिनेमागृहांत लागण्याआधीच तो गेला. आयुष्यात क्रम असा: आधी सुपरमॅन, मग आजार. ग्रोवर यांनी तो फिरवला. त्यांच्या पटकथेत पहिला अंक ‘शोले’च्या यशाचा आहे. दुसऱ्यात यशामागून दुरावा येतो, लेखक फरोग मुंबईला जातो, मित्रांची टोळी फुटते. मग शफीकच्या आजाराची बातमी येते, आणि नासिर त्याला नायक करून सुपरमॅन काढायचं ठरवतो.

यावर कोणी म्हणेल की ही इतिहासाशी केलेली मोडतोड आहे. मला तसं वाटत नाही. कॅलेंडरप्रमाणे पाहिलं तर सुपरमॅन हा त्या मित्रांचा आणखी एक हौशी चित्रपट होता आणि आजार हा त्यानंतरचा आघात. एकामुळे दुसरं घडलेलं नाही. पटकथाकाराने त्यांच्यात कार्यकारण घातलं. आता आजार कळल्यामुळे चित्रपट करायचं ठरतं, त्यासाठी दुरावलेल्यांना परत बोलवावं लागतं, आणि बोलावणाऱ्याला स्वतःचा अहंकार बाजूला ठेवावा लागतो. प्रसंग बहुतेक ओळखीचे आहेत. त्यांचा क्रम बदलल्यावर तिसरा अंक तयार झाला. अर्थात खरी माणसं घेऊन असा क्रम बदलताना मूळ माहितीपटही लोकांसमोर असावा लागतो. इथे तो आहे, ही मोठीच सोय.

मुलांनी मग विचारलं की आपल्याकडची गोष्ट असती तर तिचे अंक कसे पाडले असते. त्यांच्याशी बोलता बोलता एक आराखडा जमला, तो इथे मांडतो.

दीपनगरजवळच्या वस्तीत राहणारी, कंत्राटी कामगाराची मुलगी. तिचं नाव पूर्णा ठेवू. भुसावळचा मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या आसपास, आणि पूर्णाच्या लक्षात येतं की ती हात लावेल त्यातली उष्णता तिला ओढून घेता येते. आधी घरचा पत्रा गार होतो, मग शेजारची खोली, मग म्हाताऱ्या आजीचा ताप. इथपर्यंत गंमत आहे, अंक नाही. यावल-रावेरकडचा एक बागाईतदार तिच्या वडिलांकडे, आबांकडे येतो. निसवणीला आलेली केळी उष्ण वाऱ्याने होरपळते आहे, पोरीला पाठवा, पैसे देतो. आबा नको म्हणतात, घरावर कर्ज आहे, आणि पूर्णा रात्री न सांगता जाते. बाग वाचते, तिचं नाव चार गावांत पोहोचतं. पहिला अंक इथे संपतो, कारण आता ती लपून राहू शकत नाही. शक्ती मिळाली तेव्हा तो संपलेला नव्हता.

दुसऱ्या अंकाचा पहिला अर्धा लिहायला सोपा, पाहायला मजेचा. बागांमागून बागा, मान, पैसा. पण ओढलेली उष्णता जाते कुठे? शाळेच्या विज्ञानातही ऊर्जा नाहीशी होत नाही असं शिकवतात. ती पूर्णाच्या अंगात साठते. झोप लागत नाही, आईला जवळ घेता येत नाही. एका रात्री असह्य होऊन ती तापीत उतरते आणि सगळं पाण्यात सोडून देते. सकाळी काठाला मासे मरून पडलेले असतात, आणि मासेमारीवर जगणारी कुटुंबं पात्राशी उभी असतात. हे मध्यंतर. चोर शोधायला निघालेल्या गावात चोर कोण हे फक्त तिला आणि आपल्याला ठाऊक आहे.

दुसऱ्या भागात लिहिणाऱ्याने दयामाया दाखवू नये. पूर्णा कबूल करते. ज्यांच्या बागा वाचवल्या तेच पहिले तोंड फिरवतात. बागाईतदार तिला दुसरा मार्ग सुचवतो, की लांबच्या एखाद्या डबक्यात टाक, आम्ही काही बोलत नाही. तो वाईट माणूस नाही, त्याचं वर्षाचं पीक पणाला लागलेलं आहे. खलनायक असा असला की लढाईपेक्षा संवाद महत्त्वाचा होतो, आणि हौशी नटांना संवाद मारामारीपेक्षा बरा जमतो, हाही एक व्यावहारिक मुद्दा. पूर्णा नाही म्हणते. यापुढे उष्णता घ्यायची नाही, घेतलेली सोडायची नाही, असं ठरवते. अंगात उन्हाळा घेऊन ती पावसाळा काढते. आबांना कामावरून कमी केलं जातं, पूर्णा अंथरूण धरते. दुसरा अंक संपतो तो इथे, ती सगळं हरलेली असताना.

तिसऱ्या अंकासाठी खानदेशाचं हवामानच मदतीला येतं. इथल्या केळीला मे जसा सोसत नाही तसा जानेवारीही सोसत नाही. पारा दहा अंशांच्या खाली गेला की वाढ थांबते, घड अडकतात. शेतकरी थंडीच्या रात्री बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात. अशाच एका रात्री धूर पुरा पडत नाही. पूर्णाच्या अंगात मे महिना शिल्लक आहे. ती तो कोणाच्या बागेला देणार? तिला हाकललेल्यांच्या? कर्ज देणाऱ्याच्या? आणि सगळं एकदम सोडलं तर तीही राहील की नाही? या प्रश्नांची उत्तरं मुलांनी वेगवेगळी दिली आणि त्यावर जोरात भांडणही झालं. भांडण झालं याचा मला आनंद आहे. पहिल्या अंकातली मेची उष्णता तिसऱ्या अंकात जानेवारीला उपयोगी पडते, एवढं पक्कं ठरलं की शेवट कोणताही निवडा, तो उपरा वाटत नाही.

आता चित्रीकरणाचं. ते अंकांच्या क्रमाने होणार नाही. केळीच्या बागेतली खरी धुकट रात्र जानेवारीतच मिळते, म्हणून तिसरा अंक आधी करावा लागेल. तापीचं आटलेलं पात्र आणि उन्हाने पांढरी पडलेली वस्ती मेमध्ये. ज्या मुलीने अजून शक्ती मिळाल्याचा प्रसंग केलेला नाही, तिने ती शक्ती गमावण्याचा प्रसंग आधी करायचा आहे. म्हणून प्रत्येक दृश्याच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहून ठेवायच्या: हा कोणता अंक, पूर्णाच्या अंगात या घडीला किती उष्णता साठलेली आहे, आणि तिची कोणती वाट आता बंद झालेली आहे.